नवी पुस्तकं आणि आईचा तंबोरा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीचा फोन आला तेव्हा विषय असा मिळाला : "तू ग्रुपवर सारखी पुस्तकांचे फोटो टाकतेस, तर कला, संगीत, सिनेमा, फोटोग्राफी यांच्यावरच्या नव्या पुस्तकांबद्दल वीस मिनिटं बोल. जास्त नको, नंतर जेवण आहे." मी हो म्हटलं. मग घरी बसून यादी केली तर पंचवीस पुस्तकं झाली. पंचवीस पुस्तकांवर वीस मिनिटं बोलायचं म्हणजे नुसता हजेरीपट वाचायचा. म्हणून चारच घेऊन आलेय. त्यातली दोन आता फार नवी राहिलेली नाहीत, पण मला ती उशिरा भेटली, आणि पुस्तक आपल्याला भेटेल तेव्हा नवं, असं मी धरून चालते.

माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं, नोकरी सॉफ्टवेअरची. गाण्यातलं मला तुमच्यातल्या निम्म्या लोकांपेक्षा कमी कळतं. आपण मिरजेत वाढलो म्हणजे काही आपोआप गायला यायला लागलं नाही! आई मात्र गायची. तुमच्यातल्या काही जणी तिच्याकडे दुपारी पेटी शिकायला यायच्या आणि निम्मा वेळ आमच्या अंगणातल्या चिंचा पाडायच्या, हे मी इथे उघड करते. आईच्या कपाटात गाण्याची पुस्तकं होती. गोविंदराव टेंब्यांचं ‘माझा संगीत व्यासंग’, देवधरांचं ‘थोर संगीतकार’, वामनराव देशपांड्यांचं ‘घरंदाज गायकी’. मोठी पुस्तकं आहेत ती, आजही वाचावीत अशी. पण ती सगळी गाणाऱ्यांबद्दल आहेत. मैफलीत मधोमध बसलेल्या माणसाबद्दल. हे मला तेव्हा खटकलं नव्हतं. खटकण्यासारखं काही आहे हेच माहीत नव्हतं.

पहिलं पुस्तक ग्रेगरी बूथ यांचं, ‘बिहाइंड द कर्टन’. २००८ मध्ये ऑक्सफर्डनं काढलं. हे गृहस्थ न्यूझीलंडमधल्या विद्यापीठात संगीत शिकवणारे. त्यांनी मुंबईच्या सिनेमा-संगीतात वाजवणाऱ्या वादकांना गाठून त्यांच्याशी लांबलचक बोलणी केली, आणि त्यावरून हे पुस्तक रचलं. आपण ज्या गाण्यांवर वाढलो त्यांच्या तबकडीवर तीन-चार नावं असायची : गायक, संगीतकार, गीतकार, सिनेमा. त्या गाण्यात व्हायोलिनं वाजवणारे कुठे? ट्रम्पेटवाला कुठे? आणि मुख्य म्हणजे अरेंजर कुठे? संगीतकाराने चाल गुणगुणली की ती वेगवेगळ्या वाद्यांसाठी वाटून, प्रत्येकाला त्याचा त्याचा कागद लिहून देणारा तो अरेंजर. यातले कितीतरी गोव्याचे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेले, त्यामुळे समोर कागद ठेवला की वाजवायला लागणारे. शंकर-जयकिशन यांच्या मागे सेबॅस्टियन डिसूझा होते. ‘अमर अकबर अँथनी’त अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन स्वतःचं नाव सांगतो, त्या नावाचा एक खरा माणूस होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, व्हायोलिनवादक आणि अरेंजर, प्यारेलाल यांचे गुरू. शिष्याने गुरूचं नाव गाण्यात घातलं. आपण १९७७ पासून ते गाणं लग्नाच्या वरातीत वाजवतोय आणि ते कुणाचं तरी नाव आहे हे आपल्या गावी नाही.

त्याच्याच शेजारी ठेवावं असं दुसरं पुस्तक नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’, २०१२ चं. मुंबईतल्या जॅझच्या काळाबद्दल. १९३५ मध्ये लिऑन ॲबी नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला, तिथून गोष्ट सुरू होते आणि गोव्याच्या वादकांच्या हातून हिंदी सिनेमाच्या गाण्यात येऊन मिळते. हे बूथच्या पुस्तकापेक्षा वाचायला सोपं आहे, फोटो सुंदर आहेत. कुणाला एकच घ्यायचं असेल तर हे घ्या. बूथचं पुस्तक प्राध्यापकी आहे, मध्येमध्ये झोप येते. पण त्यात शेवटी एक गोष्ट आहे जिच्यामुळे माझी झोप गेली : सिंथेसायझर आणि संगणक आले आणि ही शंभर-शंभर वादकांची बैठक मोडली. म्हणजे आमच्यासारख्या लोकांनी मोडली. यावर पुन्हा येते.

फोटोग्राफीचं एकच पुस्तक आणलंय, दयानिता सिंग यांचं ‘झाकीर हुसेन’. मूळ १९८६ चं. अहमदाबादच्या एनआयडीत शिकत असताना त्यांनी झाकीरभाईंच्या मागे कॅमेरा घेऊन फिरून केलेलं. २०१९ मध्ये त्यांच्या हाताने चिकटवलेल्या मूळ नमुन्याची हुबेहूब प्रत छापून आली, तीच नवी म्हणून मी मोजतेय. त्यात मैफल कमी आणि मैफलीच्या आधीचं-नंतरचं जास्त आहे. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीरभाई गेले तेव्हा मी हे पुस्तक पुन्हा काढलं. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रांत त्यांचे तबले बनवणाऱ्या हरिदास व्हटकरांविषयी छापून आलं होतं. मूळचे मिरजेचे. तुमच्यापैकी किती जणांना आधी माहीत होतं? मला नव्हतं. जगभर जो तबला ऐकला गेला तो घडवणारा हात आपल्या गावचा, आणि मला ते कळायला झाकीरभाईंना जावं लागलं.

आता चौथं पुस्तक. खरं तर मी याच्यासाठीच उभी आहे.

टी. एम. कृष्णा हे कर्नाटक संगीतातले मोठे गायक. त्यांनी २०२० मध्ये ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ लिहिलं. (हा सेबॅस्टियन वेगळा बरं का, मघाचा नव्हे. माझाही पहिल्यांदा गोंधळ झाला होता.) हा सेबॅस्टियन तंजावरचा, मृदंग घडवणारा. पुस्तक मृदंग वाजवणाऱ्यांबद्दल नाही, घडवणाऱ्यांबद्दल आहे. मृदंगाचं खोड फणसाच्या लाकडाचं, आणि त्याच्या दोन तोंडांवर तीन जनावरांचं कातडं लागतं : गाय, म्हैस आणि बकरी. ते कातडं निवडणारे, भिजवणारे, तासणारे बहुतेक कारागीर दलित ख्रिस्ती. वाजवणारे बहुतेक ब्राह्मण. वाद्य देवघराशेजारी ठेवायचं, त्याला नमस्कार करायचा, आणि ते घडवणाऱ्याला मात्र दाराबाहेर उभं करायचं. एवढं वाचूनच तुमच्या लक्षात येईल की पुस्तक गोडीगुलाबीचं नाही. चेन्नईत त्याचं प्रकाशन कलाक्षेत्राच्या सभागृहात ठरलं होतं, संस्थेनं दिलेली परवानगी मागे घेतली आणि कार्यक्रम दुसरीकडे झाला.

पण मला त्यातला वाद सगळ्यात महत्त्वाचा वाटला नाही. मला महत्त्वाचं वाटलं ते असं. सेबॅस्टियनचा मुलगा परलांदू हा पालघाट मणि अय्यर यांचे मृदंग करायचा. मणि अय्यर म्हणजे मृदंगातलं शेवटचं नाव. मणि अय्यरांनी मृदंगाचा आवाज कसा बदलला हे आजवर सगळ्यांनी लिहिलं. कृष्णा विचारतात, मणि अय्यरांच्या कानात जो आवाज होता तो कातड्यात आणला कुणी? वाजवणारा म्हणणार, "अजून थोडा गोल हवा." गोल म्हणजे काय? ते बोटांना कळणारा माणूस समोर बसलेला असतो, तो काहीतरी करतो, पुन्हा वाजवून बघतात, पुन्हा नाही, पुन्हा करतो. हे अनेक वर्षं चालतं. शेवटी त्यातून जे निघतं त्याला नाव एकाचंच लागतं.

सॉफ्टवेअरवाल्यांना यातली गंमत चटकन कळेल. आमच्याकडे प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ कुणी, कधी लिहिली याची नोंद राहते. ती नोंद बघायच्या आज्ञेचं नावच ‘ब्लेम’ आहे, कारण ती बहुधा काहीतरी बिघडल्यावरच बघितली जाते! पण नाव राहतं. मृदंगाला तेवढीही सोय नाही.

पुस्तकात दोष आहेत. तेच तेच येतं, कुटुंबांच्या वंशावळी डोक्यात राहत नाहीत, आणि कातडं घडवण्याची प्रकरणं वाचताना मला दोनदा मागे जावं लागलं. पण हे मी २०२० च्या टाळेबंदीत, पुण्याच्या फ्लॅटमध्ये, रात्री मोबाइलवर वाचत होते, आणि तंजावरच्या गल्ल्यांचं वर्णन आलं की डोळ्यांपुढे सतारमेकर गल्ली यायची. मी रोज शाळेत येताना त्या गल्लीतून यायचे. पत्र्याच्या दुकानांत छताला टांगलेले भोपळे, पॉलिशचा वास, आणि कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडतंय. या गावात दीडशे वर्षांहून जास्त काळ हे चाललंय. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी हत्यारांचे दिवस संपत आले तेव्हा वाद्यं हातात घेतली. अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले हे आपल्याला शाळेत सांगितलं गेलं, दर्ग्यातल्या उरुसाला आपण गाणं ऐकायला नाही तरी भजी खायला जात होतो. पण त्यांचा तंबोरा कुणी केला हे कुणी सांगितलं नाही आणि आपण विचारलं नाही.

आता माझी गोष्ट सांगते. २०१३ मध्ये मी आणि ऑफिसातल्या दोघांनी मिळून मोबाइलवरचं तंबोऱ्याचं ॲप केलं. शनिवार-रविवारचा उद्योग. त्यासाठी आईच्या तंबोऱ्याची एकेक तार वेगवेगळ्या स्वरांत लावून रेकॉर्ड केली. माझ्या एका हुशार सहकाऱ्याने त्या आवाजातली ‘घरघर’ काढून टाकायला दोन आठवडे घालवले, आणि ती निघाल्यावर तंबोरा पितळेच्या डब्यासारखा वाजू लागला. ती घरघर म्हणजेच जवारी होती! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट नसतो, अगदी किंचित उतरता असतो. तार कंप पावताना त्या उताराला घासत, सुटत राहते, आणि त्यातून एका तारेतून अनेक स्वर फुटतात. शास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे तार जिथे छेडावी त्यावर काही स्वर गप्प बसायला हवेत. आपल्या वाद्यांत ते बसत नाहीत, हे सी. व्ही. रामन यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलं आणि त्याचं कारण या घोडीत सापडतं. तबला-मृदंगाच्या शाईवरही त्यांचा १९२० चा ‘नेचर’मधला लेख आहे. मी तो आवर्जून वाचला. म्हणजे रामन वाचले, घोडी घासणारा चार घरं पलीकडे राहत होता त्याला विचारलं नाही.

ॲप आईला ऐकवलं. ती म्हणाली, "सुरात आहे गं. पण माझ्याबरोबर श्वास घेत नाही." तरी वापरायची, कारण तोवर तिला तंबोरा उचलत नव्हता. २०१७ मध्ये ती गेली. पुढच्या वर्षी आम्ही घर बदललं, सामान हलवणाऱ्यांनी तंबोरा फ्रिजच्या खाली घातला आणि भोपळ्याला वीतभर चीर गेली. मी तो कपाटामागे उभा करून ठेवला. घर सजवून देणारी एक बाई म्हणाली, याच्यात दिवा बसवू, कोपरा छान दिसेल. मी विचार करते म्हणाले. नाही म्हणाले नाही, हे तुम्हाला सांगितलं पाहिजे.

कृष्णांचं पुस्तक संपलं त्या रात्री मी आमच्या ॲपचं ‘आमच्याविषयी’ हे पान उघडलं. तीन नावं, तिघांचे हसरे फोटो. खाली ‘अस्सल मिरज तंबोऱ्याचा नाद’. बस्स. ज्याच्या घोडीवर आमचं सगळं उभं होतं त्या माणसाचा उल्लेख नाही. आणि तो माणूस मला माहीत होता. तो आपल्या वर्गातल्या एका मुलाचा बाप होता.

तो मुलगा आपल्यात नववीपर्यंत होता. मागच्या बाकावर. बोटांना कायम पॉलिशचा तांबूस रंग. पंढरपूरकडून भोपळ्यांची गाडी आली की दोन-दोन दिवस गैरहजर. तोच कडू भोपळा, खाण्याचा नव्हे, वाद्यांचा. एकदा गणितात त्याला शून्य मिळालं आणि सरांनी पेपर वाटताना विचारलं, याला काय मिळालं? मी पहिल्या बाकावरून ओरडले, "भोपळा सर, घरचाच!" सगळा वर्ग हसला. सरही हसले. त्या दिवसापासून त्याचं नाव भोपळा पडलं, ते तो शाळा सोडेपर्यंत. तुम्हाला सगळ्यांना ते नाव आठवतंय, तुमच्या तोंडावरून दिसतंय. ते मी पाडलं होतं. बऱ्याच जणांना वाटतं की दुसऱ्या कुणी पाडलं, आणि मी इतकी वर्षं ते तसंच वाटू दिलं.

टाळेबंदी सुटल्यावर तंबोरा गाडीत आडवा घालून मी मिरजेला आले. दुकान तेच. तो तोच, केस गेलेले. मी नाव सांगायच्या आत त्याने तंबोरा हातात घेतला, उलटा केला, दांडीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हा अब्बांचा हात आहे. काय केलंस गं याचं?" माझ्याकडे त्याने अजून बघितलंही नव्हतं.

चिरेत लाकडाचा भुसा आणि सरस भरला, आतून कापडाची पट्टी लावली, सुकायला दहा दिवस. मग घोडी. ती तो घासताना मी समोर बसून होते. कानस दोनदा फिरवायची, तार चढवायची, छेडायची, उतरवायची, पुन्हा कानस. मी मोबाइलवर आवाजाचा आलेख बघत होते आणि आलेखात काही फरक दिसण्याच्या आधी तो थांबत होता. मी विचारलं, कसं कळतं? म्हणाला, "तुला डोळे मिटल्यावर घराचं दार कळतं ना?" मग तारेखाली दोरा सरकवला, आणि आईच्या खोलीत दुपारी असायचा तो आवाज आला. मला रडू आलं. त्याने चहा मागवला.

चहा घेताना मी त्याला भोपळ्याचं सांगितलं. माफी कशी मागायची याची मी पुण्यापासून तयारी केली होती, ती सगळी विसरले. तो म्हणाला, "मला माहीत होतं तूच होतीस. आवाज ओळखता येतो की मला." मी विचारलं, त्यामुळे शाळा सोडलीस का? तो हसला. "तुझ्यामुळं कोण सोडतंय? गणितामुळं सोडली. आणि अब्बांचे डोळे गेले होते, दुकानात हात पाहिजे होता." थोडा वेळ गेला. मग म्हणाला, "पण वाईट वाटायचं. अब्बा विचारायचे, मित्र काय म्हणतात? मी म्हणायचो, नावानं हाक मारतात."

मी ॲपचंही सांगितलं. त्याला माहीत होतं. गिऱ्हाईक दुकानात येऊन मोबाइल दाखवतं आणि म्हणतं, हा फुकट वाजतो, तुझा एवढा महाग का? २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा थोडा उपयोग होतोय म्हणतो, निदान दुसरीकडचा माल मिरजेचा म्हणून खपवणाऱ्याला आता बोलता येतं. पण दुकानात पूर्वी सहा माणसं बसायची, आता तीन बसतात. यातल्या किती जणांना मी उठवलं याचा हिशेब कुणाकडे नाही.

ॲपच्या त्या पानावर आता पहिलं नाव त्याच्या अब्बांचं आहे. ते घातलं तर त्याचा फोन आला, "त्याच्या वर आजोबांचं पाहिजे, सांगाडा त्यांनी घातलेला." घातलं. मग मीच विचारलं, भोपळा कुणाच्या शेतातला? ते त्याला माहीत नव्हतं. पंढरपूरला जाईल तेव्हा जुन्या माणसांना विचारून येतो म्हणाला, अजून गेलेला नाही.

या मेळाव्याची यादी दहावीच्या निकालावरून केली होती, त्यामुळे नववीत गेलेले आपले सात जण तिच्यात नव्हते. समितीनं ते मान्य करून शोधाशोध केली, पाच सापडले, त्याबद्दल समितीचे आभार. त्यातला एक आज इथे बसलाय. नाव घेतलंस तर उठून जाईन असा त्याने मला दम दिलाय, म्हणून घेत नाही. मागे वळून बघू नका. सगळे बघताय!

चारही पुस्तकांची एकेक नवी प्रत शाळेच्या ग्रंथालयासाठी आणली आहे. कृष्णांचं इंग्रजी जड वाटलं तर पहिली तीन प्रकरणं सोडून मधूनच सुरू करा, काही बिघडत नाही. बाई, एवढीच विनंती की ती कुलपाच्या कपाटात नकोत.

आणि जेवणानंतर आपल्यातल्या दोघी गाणार आहेत, त्यांच्या मागे आईचा तंबोरा असेल. तो सकाळीच जुळवून ठेवलाय. पंख्याखाली ठेवला आहे, तेव्हा कृपा करून कुणीतरी तो पंखा बंद करा.